खिचडी शिजवणाऱ्या बबिताताई

आज बोलूया बबिता ताडे यांच्याविषयी. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या या ताई शाळेत साडेचारशे मुलांची खिचडी शिजवायच्या. मानधन महिन्याला १५०० रुपये.

२०१९ साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये त्यांनी एक कोटी रुपये जिंकले. पुढचा प्रश्न सात कोटींचा. उत्तर चुकलं, की एक कोटीवरून थेट ३ लाख २० हजारांवर यायचं. खात्री नव्हती, म्हणून ताईंनी तिथंच खेळ सोडला. कुठं थांबायचं हे कळणं, हीसुद्धा हुशारीच. पुढे जिल्ह्यात मतदार जागृतीसाठी दूत म्हणून त्यांची नेमणूक झाली.

आता एक हिशेब करा बायांनो. महिन्याला दीड हजार, म्हणजे वर्षाचे १८ हजार. या मानधनातून एक कोटी व्हायला साडेपाचशेहून जास्त वर्षं लागली असती! आणि हुशारी तर चुलीपुढंही तीच होती.

तुमच्या गावच्या शाळेत खिचडी कोण शिजवतं? तिला मानधन किती, वेळेवर मिळतं का? बचत गटाच्या पुढच्या बैठकीला तिला बोलवा आणि विचारा.