लघवीचे माप आणि गरिबाचे मूत्रपिंड



अवसरी खुर्दचा माणूस तापाने आडवा झाला, की गावच्या दवाखान्यातून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि प्रसंगी पुण्याला ससूनमध्ये जातो. जंतुसंसर्गाचे निदान होते, सलाईन लागते, औषधे सुरू होतात. नातेवाइकांचे सारे लक्ष ताप उतरतो की नाही याकडे असते. याच वेळी मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तर ते कोणाच्या ध्यानी येत नाही. कारण त्यांचे दुखणे मुके असते.

जंतुसंसर्ग सर्वांगात भिनला की रक्तदाब उतरतो व मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे कार्य बिघडते. उलट्या-जुलाबांनी शरीर आधीच शुष्क झालेले असते. त्यातच अंगदुखीवर डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले, किंवा जेंटामायसिनसारखे औषध मात्रेचे भान न ठेवता वापरले, तर घाव दुहेरी होतो.

तो ओळखण्याच्या तीन खुणा २०१२ सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांत दिल्या आहेत. त्यांपैकी एकही पुरेशी आहे. ४८ तासांत रक्तातील क्रिएटिनिन दर डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढणे. सात दिवसांत ते मूळच्या दीडपट होणे. अथवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी होणे. म्हणजे ४० किलो वजनाच्या रुग्णाला सहा तासांत १२० मिलिलिटरही, जेमतेम एक कपभरही, लघवी झाली नाही, तर तो धोक्याचा इशारा होय.

खरी मेख पुढेच आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून निर्माण होते. अर्धपोटी राबून वाळलेल्या शेतमजूर स्त्रीचा मूळचा आकडा ०.५ असू शकतो. आजारात तो १.० झाला, तरी तपासणीच्या कागदावर 'नॉर्मल' असेच उमटते. प्रत्यक्षात तो दुप्पट झालेला असतो! धडधाकट देहाच्या मापाने कृश देहाची इजा झाकली जाते. शिवाय हा आकडा इजेच्या मागून, दिवस-दोन दिवसांनी चढतो. म्हणून एका अहवालावर विसंबू नये. आजचा आकडा कालच्या शेजारी ठेवूनच वाचावा. लघवी ठीक होत असली, तरीही हा ताळा चुकवू नये.

लघवी मोजण्यास मोठे यंत्र लागत नाही. खुणा केलेले भांडे, नोंदवही आणि दर काही तासांनी खाटेपाशी येण्याइतकी सवड असलेली परिचारिका एवढेच लागते. पण परिचारिकांची पदे रिकामी ठेवून ही सवड कोठून यावी? डायलिसिसच्या यंत्राची मागणी रास्तच आहे. परंतु वेळीच ओळख पटली, तर अनेकांना त्या यंत्रापर्यंत जावेच लागत नाही.

मूत्रपिंडाच्या अशा आकस्मिक इजेने टाळता येण्याजोगा एकही मृत्यू २०२५ पर्यंत होऊ नये, असे ध्येय जगातील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली ठेवले होते. ते वर्ष सरले, ध्येय उरले आहे. कार्यकर्ता रुग्णाच्या भेटीस गेला, की त्याने फळांबरोबर दोन प्रश्नही न्यावेत : लघवी किती झाली, आणि कालचा आकडा काय होता?