जुन्या छायाचित्रांतील मुंबई



चर्चगेट स्टेशनवर आपण उतरतो; पण ते ‘गेट’ कुठे आहे? सेंट थॉमस चर्चकडे जाणारा किल्ल्याचा तो दरवाजा १८६० च्या दशकात तटासह पाडला गेला. त्याच परिसरात १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले. म्हणून जुने छायाचित्र हाती आले की आम्ही आधी कारंजे शोधतो. ते दिसले तर छायाचित्र १८६४ पूर्वीचे नव्हे.

दरवाजांची छायाचित्रे साहेबांनी जपली. गिरणगावातील चाळींची कोण काढणार? त्या आपल्याच घरच्या लग्नांच्या, मिरवणुकींच्या फोटोंत मागे उभ्या आहेत. चाळी पाडून टॉवर होत आहेत. वडीलधारी मंडळी आहेत तोवर फोटोमागे चाळीचे नाव, साल, माणसे लिहून घेऊ या. मात्र मऊ पेन्सिलीने. शाई पुढे उमटते.