पितळेची पुंगळी



निवृत्तीनंतर मुलानं धातू शोधायचं यंत्र आणून दिलं. ते घेऊन शेणोलीला आपल्या एका वर्गमित्राच्या रानात गेलो. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळच रुळांवर दगड रचून तुफान सेनेनं पगाराची गाडी लुटली होती, प्रतिसरकारसाठी. तेव्हा कुंडल औंध संस्थानात, सांगली जिल्हा नंतरचा.

तीन दिवस नुसते खिळे, बैलाची नाल, सोडावॉटरची बुचं. चौथ्या दिवशी काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी! मी नाचलोच.

मित्राच्या आईंनी ती हातात धरून बघितली. “आरं, ही डुकराच्या शिकारीची आसंल. त्यापरीस आत्याबाईंचं ताट बघ. कुंडलची पोरं रातच्याला याच्यात जेवायची.”

पुंगळी पोलीस पाटलांकडे दिली. ताट मित्रानं आज आणलंय, मागच्या टेबलावर आहे.