उतरलेल्या हिरड्या
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात एका दंतवैद्याने केलेले भाषण)



मघाशी पानसुपारीच्या वेळी तिघांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली, "डॉक्टर, दात लांब होत चालले आहेत, काय करावे?" दात लांब होत नाहीत, हिरडी मागे सरते आणि मूळ उघडे पडते. मुळावर दातासारखे टणक कवच नसते. म्हणून गार पाण्याने कळ येते, पुढे मूळ किडतेही.

सरलेली हिरडी मलमाने वा मंजनाने परत येत नाही. मात्र कळ नसेल आणि सरणे थांबले असेल, तर नुसते लक्ष ठेवले तरी चालते.

शस्त्रक्रियेचे प्रकार बरेच आहेत. शेजारची हिरडी पुरेशी जाड असेल तर ती सैल करून मुळावर ओढून टाके घालतात. पातळ असेल तर टाळूच्या आतला थोडा पेशीस्तर काढून तिच्याखाली बसवतात. अमेरिकेतील लँगर यांनी १९८५ साली ही रीत मांडली आणि आजही तिच्यावरच आमचा अधिक भरवसा आहे. टाळूची वरची कातडी जशीच्या तशी लावण्याची जुनी रीतही आहे. हिरडी भक्कम होते, पण रंग फिका दिसतो.

माझ्या सुळ्यावर दुसऱ्या प्रकारची शस्त्रक्रिया झाली आहे. दंतवैद्य असून मीच वर्षानुवर्षे कडक ब्रश खसाखसा चालवला होता! भूल दिल्याने त्या वेळी दुखले नाही. नंतर सुळ्यापेक्षा टाळूनेच जास्त छळले. दोन आठवडे त्या जागी ब्रश नाही, फक्त क्लोरहेक्झिडीनच्या चुळा, आणि जेवायला मऊ भात.

माझे मूळ पूर्ण झाकले गेले, कारण दोन दातांमधले हाड शाबूत होते. ते झिजले असेल तर कितीही निष्णात हात असला तरी मूळ अर्धवटच झाकते. आमच्या नात्यातल्या एका मावशींनी तीस वर्षे मशेरी लावली. दात हलू लागल्यावर त्या आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्यासारखं माझंही शिवून दे." हाड अर्धे गेले होते. शिवण्याजोगे काही नव्हते, हे त्यांना सांगताना मला जड गेले. कीटण खोलवर खरवडून काढले आणि मशेरीचा डबा त्यांनी स्वतःच सुनेच्या हवाली केला. दोन दात गेले, बाकीचे अजून आहेत.

मघाच्या तिघांनी आधी आपला ब्रश घेऊन माझ्याकडे यावे. तोंड मी नंतर पाहीन.