दीड लाखाच्या स्पीकर वायरमध्ये नेमकं काय ऐकू येतं?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही आणि जे लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचतायत, त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. बोलताना आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' थोडे कमी केलेत.)

आजचा विषय वायर. हो, साधी वायर. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाते ती. तुमच्यापैकी बहुतेक जण इअरबड्सवर ऐकताय, त्यामुळे तुम्हाला वाटेल की आपला काय संबंध. पण पहिली नोकरी लागली, भाड्याचं घर घेतलं, छोटे बुकशेल्फ स्पीकर आणले, की चार दिवसांत कुणीतरी येऊन सांगतंच, 'केबल कुठली वापरतोस? अरे, तिथेच तर सगळा आवाज मरतो.' तेव्हा हा भाग आठवा.

आधी थोडं गणित, घाबरू नका, आठवीचं आहे. तांब्याची अडीच स्क्वेअर एमएमची वायर, म्हणजे इलेक्ट्रिशियन ज्याला नुसतं 'अडीचची' म्हणतो ती. तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.००७ ओहम. स्पीकर ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ०.०४ ओहम. समोर स्पीकर ८ ओहमचा. वायरमध्ये किती गेलं? अर्धा टक्का. डेसिबलमध्ये ०.०५ सुद्धा नाही. आता अर्ध्या एमएमची, दिव्याच्या माळेला असते तसली बारीक वायर घ्या, १० मीटर लांब ओढा आणि पुढे ४ ओहमचा स्पीकर लावा. आता जवळपास १.४ डेसिबल गेले. हे ऐकू येतं. वर स्पीकरचा ओहम सगळ्या सुरांना सारखा नसतो, कुठे ३ असतो, कुठे २०. त्यामुळे बारीक वायरीत काही सूर जास्त दबतात, काही कमी. म्हणजे 'वायरने फरक पडतो' हे वाक्य खोटं नाही. फरक पडतो, पण तो जाडीने आणि लांबीने पडतो. आणि जाडी पुरेशी झाली की थांबतो.

चांदीचं काय? चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते, बरोबर. किती? पाच-सहा टक्के. तेवढंच हवं असेल तर तांब्याची वायर पाच-सहा टक्के जाड घ्या. स्किन इफेक्ट म्हणून एक शब्द दुकानात हमखास येतो. वरच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या कातडीकडे सरकतो, हेही खरं. पण २० किलोहर्ट्झला सुद्धा तांब्यात तो साधारण अर्धा मिलिमीटर खोल जातो. आपली तार आहेच केवढी!

आता ही भानगड सुरू कुठून झाली, ते थोडक्यात. १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत अमेरिकेत लोक स्पीकरला टेबललॅम्पची वायर लावायचे. मग नोएल ली नावाचा एक इंजिनिअर आला, लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत काम केलेला. त्याने जाड, देखणी केबल विकायला काढली, मॉन्स्टर केबल. दुकानदारांना ती फार आवडली, कारण स्पीकरवर मार्जिन कमी, केबलवर भरपूर. १९८३ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने डोळे बांधल्यासारखी चाचणी घेतली. फार बारीक वायर लोकांनी ओळखली. साधी जाड वायर आणि महाग केबल यांत संगीत ऐकून फरक सांगता आला नाही. ४० वर्षं झाली या गोष्टीला. आणि किमती बघा. २००७ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने १० लाख डॉलर लावले होते, ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबल न बघता ओळखून दाखवा म्हणून. ती चाचणी झालीच नाही.

बरं, हे सगळं मला तोंडपाठ असण्याचं कारण सांगतो.

माझ्या शाळेतल्या मित्राचे वडील, मी त्यांना काकाच म्हणतो, दोन वर्षांपूर्वी बँकेतून रिटायर झाले. आयुष्यभर कॅसेट, मग सीडी, सगळं साध्या सिस्टिमवर. रिटायर झाल्यावर त्यांनी छान स्पीकर घेतले, चांगला अ‍ॅम्प घेतला. मला फार आनंद झाला होता. मग एका दुकानाने त्यांना केबल ऐकवली. किंमत १ लाख ५० हजार. आठवडाभर घरी नेऊन ऐका, आवडली तर ठेवा. काका म्हणाले, 'अरे, तानपुरा वेगळा निघाला बाईंच्या गळ्यापासून. स्वरमंडळाची प्रत्येक तार कळते.' ते खोटं बोलत नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मित्राने मला बाजूला घेऊन सांगितलं, पैसे ग्रॅच्युइटीतले आहेत, तू काहीतरी बोल.

आता मी काय बोलणार? पासष्टीच्या माणसाला 'तुम्हाला जे ऐकू येतंय ते ऐकू येत नाहीये' असं सांगायचं? मी म्हटलं, काका, आपण एक गंमत करू. रविवारी मी अडीचची मल्टिस्ट्रँड वायर घेऊन गेलो, दोन्ही स्पीकरची मिळून हजाराच्या आतली. स्पीकरच्या मागे चादर लावली. मित्र चादरीमागे. नाणं उडवायचं, छापा आला तर महागडी, काटा आला तर साधी, आणि वहीत लिहून ठेवायचं. काकांनी फक्त सांगायचं, कुठली आहे. मी खोलीच्या बाहेर, कारण माझ्या चेहऱ्यावरूनही कळू शकतं. प्रत्येक वेळी अ‍ॅम्प बंद करून मगच वायर बदलायची. हे घरी करणार असाल तर लक्षात ठेवा, चालू अ‍ॅम्पला वायरी एकमेकींना टेकल्या तर अ‍ॅम्प जाईल.

आणि आवाज मोजून घेतला. हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन गोष्टींत एक किंचित मोठी वाजली तर आपल्याला ती 'मोठी' वाटत नाही, 'चांगली' वाटते. दुकानात व्हॉल्यूमची गुंडी कुणाच्या हातात असते, ते आठवा. साध्या मल्टिमीटरला वरच्या फ्रिक्वेन्सी नीट मोजता येत नाहीत, म्हणून १०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलला व्होल्टेज बघितलं. दोन्ही वायरींमधला फरक तिसऱ्या दशांशात.

१६ वेळा केलं. किशोरीताईंचा भूप, तोच दोन मिनिटांचा तुकडा. नुसत्या अंदाजाने सुद्धा ८ बरोबर येतात. १२ किंवा जास्त आले तर म्हणता येईल की काहीतरी ऐकू येतंय. काकांचे आले ९.

इथे एक आक्षेप रास्त आहे. वायर बदलायला मिनिट-दीड मिनिट जातो आणि कानाची आठवण फार छोटी असते. मान्य. पण दुकानातही वायर बदलायला तेवढाच वेळ लागला होता, आणि तेव्हा फरक 'रात्र आणि दिवस' एवढा होता. मिनिटभराने सगळं पुसलं जात असेल, तर ते दोन्हीकडे पुसलं जायला हवं ना?

काका चिडले नाहीत. बराच वेळ वही बघत बसले. मग म्हणाले, 'मग दुकानात मला काय ऐकू आलं?'

मंडळी, हा प्रश्न फार चांगला आहे, आणि इंटरनेटवर केबलवाल्यांची टिंगल करणारे लोक याचं उत्तर देतच नाहीत. ते 'मूर्ख आहेत' म्हणतात आणि मोकळे होतात. मी काकांना जे सांगितलं ते असं. तानपुरा खरंच ऐकू आला. तो त्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यापासून होताच. तुम्हाला कुणीतरी सांगितलं की आता तानपुरा ऐका, तुम्ही मान पुढे करून ऐकलात, आणि ऐकू आला. तीच चीज दुसऱ्यांदा ऐकली की पहिल्यांदा निसटलेलं हाती लागतंच. गाणं शिकणाऱ्याला विचारा. लक्ष तुमचं होतं, श्रेय वायरने घेतलं. आणि म्हणूनच ते 'बर्न-इन' प्रकरण. केबल २०० तास वाजली की खुलते म्हणे. २०० तासांत केबल खुलत नाही, आपला कान रुळतो. आणि तोवर परत करायची मुदत संपलेली असते.

त्याच दुपारी गंमत म्हणून फोनवरून मी टोन वाजवत गेलो, १ किलोहर्ट्झ, २, ४, पुढे. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'बंद करा ती शिट्टी.' काका म्हणाले, 'कुठली शिट्टी?' ८ किलोहर्ट्झ होता.

दोघंही काही बोलले नाहीत. टीव्हीचा आवाज किती मोठा असतो यावरून त्या घरात वर्षभर भांडणं चालली होती, हे मित्राने मला नंतर सांगितलं. वयाने वरचे सूर आधी जातात, सगळ्यांचे. आणि दुकानातला मुलगा काकांना नेमक्या त्याच वरच्या सुरांतली 'हवा' विकत होता. केबल बुधवारी परत गेली. ऑडिओग्राम व्हायला मात्र पुढे दोन महिने लागले, कारण दीड लाखाची केबल घ्यायला लाज वाटत नाही, कानाच्या डॉक्टरकडे जायला वाटते. आता दोन्ही कानांना मशीन आहे. गाणं ऐकताना काढू की ठेवू, यावर त्यांचे रोज प्रयोग चालू असतात. मशीन बोलणं कळावं म्हणून बनवलेलं असतं, त्यामुळे तानपुरा कधीकधी विचित्र वाजतो. ऑडिओलॉजिस्टने त्यात संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून दिलाय.

आणि तुम्ही विशी-पंचविशीतले, तुमच्यासाठी एक आकडा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, एवढं मोठ्या माणसाला चालतं. आवाज वाढला की तास झपाट्याने घटतात. बहुतेक फोनमध्ये हे मोजणारं सेटिंग असतं, बघा एकदा.

आता डिजिटल केबल. इथे माझ्या धंद्यातला विषय आहे, त्यामुळे मला जरा राग येतो. २००८ मध्ये डेनॉनने दीड मीटरची नेटवर्क केबल ४९९ डॉलरला काढली होती आणि तिच्यावर दिशा दाखवणारे बाण होते. नेटवर्क केबलमधून डेटा दोन्ही बाजूंनी जातो हो! प्रत्येक पाकिटाबरोबर ३२ बिटांची पडताळणी असते. जुळली नाही तर पाकीट फेकून देतात आणि फाइल स्ट्रीम होत असेल तर पुन्हा मागवतात. तुमचे यूपीआयचे पैसे याच पद्धतीने जातात. साध्या केबलमुळे ५०० रुपयांचे 'जरा कमी उबदार' ५०० रुपये पोहोचले, असं झालंय का कधी? यूएसबीवरून ऑडिओ जाताना मात्र पाकीट पुन्हा मागवत नाहीत, हा खरा फरक. पण तिथे चूक झाली तर टक् असा आवाज येतो किंवा गाणं क्षणभर तुटतं. बास हलका होत नाही. एवढं खरं की यूएसबीच्या ग्राउंडमधून लॅपटॉपची किरकिर डॅकमध्ये शिरू शकते. ती आली तर ऑप्टिकल केबल लावा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. विषय संपला.

पॉवर केबलवर मी जास्त बोलत नाही. महावितरणच्या खांबापासून भिंतीपर्यंत जी वायर आहे ती आहेच, शेवटचा दीड मीटर सोन्याचा करून काय होणार? जपानमध्ये एका वकिलाने चांगल्या आवाजासाठी स्वतःचा विजेचा खांब उभारला होता, अशी बातमी २०१६ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दिली होती. निदान तो माणूस तर्काला धरून शेवटपर्यंत गेला.

पण अर्थिंग! आपल्याकडे खरी बोंब तिथे आहे. सिस्टिममधून सतत 'हम्म्म' येत असेल तर ती ५० हर्ट्झची वीज आहे. बऱ्याचदा टीव्हीची डिशवाली वायर आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेले असतात. आधी सगळं एकाच बोर्डवर लावा. मग एकेक वायर काढून बघा, कुठली काढल्यावर थांबतं. आणि काहीही झालं तरी तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन तोडू नका. यूट्यूबवर सांगतात तसं. हम थांबेल, पण बॉडीला करंट आला तर तुम्हीही थांबाल.

वायर घ्यायला पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. जाताना ब्लेड किंवा कटर न्या. 'प्युअर कॉपर' म्हणून बरीच वायर अशी मिळते की बाहेरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपट. एक तार खरवडून बघा. बाहेर लाल, आत पांढरी असेल तर ठेवून द्या. बाहेर पांढरी, आत लाल असेल तर ती कल्हई केलेली तांब्याची आहे, खुशाल घ्या. टोकांना बनाना प्लग लावा, सोन्याचा मुलामा नसला तरी चालतो, स्क्रू मात्र घट्ट पिळा. उरलेल्या पैशांत आधी जाड पडदा आणि सतरंजी. रिकाम्या, टाइल्सच्या खोलीत टाळी वाजवून बघा, मग मी काय म्हणतोय ते कळेल.

आणि ज्यांना मी सांगितलेलं अजिबात पटलं नाही, त्यांनी चादर, नाणं आणि वही घ्या, १६ वेळा करा. १२ च्या वर आले तर मला मेसेज करा. मी मल्टिमीटर घेऊन तुमच्या घरी येतो, चहा तेवढा ठेवा.