वाटेवरचा अपरिचित

(देवस्थानच्या वार्षिकोत्सवात केलेले भाषण)



२०१४ सालची गोष्ट. पालखीचा सोहळा आटोपून फोंड्याहून पणजीस परतताना बाणस्तारीच्या पुलाअलीकडे स्कूटरवरून पडलेला एक तरुण दिसला. मी गाडी थांबविली खरी, पण उतरवेना. पोलीस, जबाब, कोर्टाच्या तारखा! आपल्यावरच आळ आला तर? मांडीवर श्रींचा प्रसाद आणि मनात हा हिशेब. अखेर पत्नीच म्हणाली, "आधी खाली उतरा."

ती भीती तेव्हा अगदीच निराधार नव्हती. आज मात्र तिला आधार उरलेला नाही. जखमीवर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितले होते. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने धावून जाणाऱ्याच्या हातून मदतीत काही चूक झाली, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

आणि करावयाचे तरी किती? १०८ क्रमांकावर कळवावे, मागील वाहने थोपवावीत, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे. जखमीस विनाकारण हलवू नये, पाणी पाजू नये.

कायद्याने आपली सबब काढून घेतली आहे; उरला तो आपला संकोच. त्या तरुणाचे नाव मला ठाऊक नाही. परंतु श्रींसमोर हात जोडताना त्या रात्रीचा तो क्षणभराचा विलंब मला अद्याप टोचतो. तो आपणापैकी कोणाच्याही वाट्यास न येवो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.