खाट आहे, पण वेळेत पोहोचायला हवे
(वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने झालेले भाषण)



आपल्या दातृत्वातून अतिदक्षता विभागातील खाटा आणि श्वसनयंत्रे उभी राहतात, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु त्या खाटेचे मोल रुग्ण तिच्यावर कधी पोहोचतो, यावर ठरते. त्याविषयी आज चार शब्द बोलण्याची अनुमती असावी.

सर्वसाधारण कक्षातील रुग्णाची प्रकृती बहुधा अकस्मात ढासळत नाही. कित्येक तास आधीपासून शरीर इशारे देत असते. श्वासाची गती वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब उतरतो, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीत मिनिटाला साधारणतः 12 ते 20 श्वास घेते. हा आकडा 25 वर जाणे हा धोक्याचा इशारा होय. तो मोजण्यास घड्याळ आणि जागरूक परिचारिका पुरेशी असते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये अशा नोंदींना गुण देण्याची पद्धत प्रसृत केली. गुणांची बेरीज 5 झाली की डॉक्टरांनी तातडीने तपासावे आणि 7 झाली की अतिदक्षता तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे, असा तिचा दंडक आहे.

तथापि, केवळ नोंदी पुरत नाहीत. इंग्लंडमध्ये 2021 साली मार्था मिल्स ही 13 वर्षांची मुलगी सायकलवरून पडून स्वादुपिंडास इजा झाल्याने रुग्णालयात होती. पुढे तिला सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादातून उद्भवणारी जीवघेणी अवस्था झाली. आईवडिलांनी चिंता व्यक्त करूनही तिला अतिदक्षता विभागात वेळेत हलविले गेले नाही आणि ती दगावली. वेळीच हलविले असते तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष 2022 च्या चौकशीत निघाला. आईवडिलांच्या प्रयत्नांतून तेथे 2024 पासून ‘मार्थाज रूल’ टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्यानुसार नातलग स्वतःहून दुसऱ्या तज्ज्ञ पथकाकडून तातडीची तपासणी मागू शकतात.

म्हणून आप्तेष्टांस आमची विनंती आहे, की आपला माणूस नेहमीसारखा वाटत नसेल तर मध्यरात्रीही परिचारिकेस सांगावे. समाधान न झाल्यास वरिष्ठ डॉक्टरांना बोलावण्यास सांगावे. त्यात संकोच नसावा.

आणखी एक विलंब खर्चाच्या चिंतेने होतो. होकार देण्यापूर्वी कुटुंब पैशांची जुळवाजुळव करीत राहते आणि मोलाचे तास निघून जातात. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत 2006 च्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्यावयाच्या असतात. यासाठी समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी चौकशी करावी.

देणगीदारांस प्रार्थना एवढीच, की यंत्रांप्रमाणेच रात्रपाळीच्या परिचारिकांची संख्या आणि त्यांचे प्रशिक्षण यांसही आपला हातभार लागावा. यंत्र रुग्णाचा श्वास चालू ठेवते. पण तो श्वास बिघडल्याचे प्रथम माणसाच्याच ध्यानी येते.